घागरीवरचं नाव

माझं अन् सेलूचं सोडून बाकी नावं-गावं मी बदलली आहेत, हे आधीच सांगते. लोकांची नावं जगजाहीर केली की काय होतं ते मी भिंतीपलीकडंच बघितलंय. पुन्हा तो उद्योग मला नको.

मी मंजुषा. सेलूला माझं पिको-फॉलचं दुकान आहे. त्याला लागून परमेश्वरभाऊंचं भांड्याचं दुकान. मधे एकच पातळ भिंत, त्यामुळं तिकडं कोण आलं, काय बोललं, सगळं मला ऐकू येतं. तुमी म्हणाल, कशाला ऐकता? मग काय कानात बोळे घालून फॉल लावू?

आमच्याकडं लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घातल्याशिवाय कुणी देत नाही. मामाकडून, मावशीकडून, सप्रेम भेट. चोरीला जाऊ नये म्हणून म्हणतात, पण ते सगळं झूट. आपण दिलं हे चार माणसांनी वाचावं म्हणून नाव. परमेश्वरभाऊंचे वडील ही नावं छिन्नी-हातोडीनं घालायचे, ठिपक्याला ठिपका लावून. अक्षर असं टपोरं की निरक्षर बाईनंही हात फिरवून बघावं. परमेश्वरभाऊंनी पुढं मशीन घेतली. गिऱ्हाईक आलं की ते फार बोलायचे नाहीत. भांडं काढायचे, पुसायचे, समोर ठेवायचे अन् गप बसायचे. म्हणायची मी, "भाऊ, जरा बोला की गिऱ्हाइकाशी, तोंडाला काय कुलूप लावलंय?" तर हसायचे.

मग दिवस फिरले. लग्नपत्रिकेवरच छापून यायला लागलं, 'कृपया भांड्यांचा आहेर आणू नये.' लोक पाकिटं द्यायला लागले. स्टीलचे सेट मोबाईलवर मागवले की घरपोच. परमेश्वरभाऊ दिवसभर तीच भांडी पुसत बसायचे. एकदा मला म्हणले, "मंजुताई, हे दुकान बसलं तर मला दुसरं काय येतंय? पन्नाशी आली. आता कुणाच्या हाताखाली उभा राहू?" मला लय वाईट वाटलं. एरवी मी उलट काहीतरी बोलले असते.

त्याच सुमारास व्यापाऱ्यांसाठी परभणीला एक शिबिर झालं. पुण्याहून कुणी पोरगा आला होता, पांढऱ्या बुटातला. त्यानं सांगितलं, वस्तू विकू नका, गिऱ्हाइकाशी नातं जोडा. फेसबुकवर पान काढा, ब्लॉग लिहा, आपल्या दुकानातल्या गोष्टी सांगा, आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या. लोक आपोआप येतील. मी म्हणलं, "पी हळद अन् हो गोरी!" पण परमेश्वरभाऊंच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

सुरुवातीला कुकरचे फोटो टाकले, डब्यांचे टाकले. काळं कुत्रं फिरकलं नाही. मग एक दिवस एक बाई जुनं पितळेचं पातेलं मोडीत घालायला आली. मोड म्हणजे जुनं भांडं वजनावर द्यायचं अन् बदल्यात नवं न्यायचं. पातेल्यावर कुणा आजीनं नातीला दिल्याचं नाव होतं. त्या नावाचा फोटो काढून परमेश्वरभाऊंनी खाली चार ओळी लिहिल्या. ही आजी कोण असेल, तिनं हे पातेलं घेताना कोणता खर्च टाळला असेल, असं काहीबाही. अहो, काय लिहिलं होतं म्हणून सांगू! जो माणूस समोरच्याशी बोलत नाही, त्याच्या पोटात एवढं होतं, हे शेजारी राहून मला माहीत नव्हतं. मी फॉल बाजूला ठेवून तीनदा वाचलं.

लोकांनी ते उचलून धरलं. पानाचं नाव भाऊंनी ठेवलं 'भांड्यावरचं नाव'. मोडीत आलेल्या भांड्यांची नावं टाकायची अन् त्यावर लिहायचं. कुठून कुठून लोक, पुण्याचे, मुंबईचे, परदेशातले. 'दादा, डोळ्यात पाणी आणलंत.' 'दादा, माझ्या आईची आठवण झाली.' भाऊ एकेकाला उत्तर द्यायचे, जेवायचं सोडून. आसपासच्या खेड्यातल्या बायाही यायला लागल्या. "ते नावाचं लिहिणारे तुमीच का?" म्हणायच्या अन् एखादा तांब्या घेऊन जायच्या. लग्नसराईत दुकानात पुन्हा मशीनचा आवाज यायला लागला. वहिनी मला म्हणल्या, "तुमच्या भावाला रात्री झोप लागायलीय आता." बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

ह्याच लग्नसराईत झरीच्या सुलाबाई आल्या होत्या. साठी उलटलेली बाई, गुडघ्यानं बेजार. पितळेची घागर घेऊन आल्या. त्यांचं माहेर वालूर. लग्नात ही घागर त्यांच्या भावानं, बन्सीधररावांनी दिलेली, अन् ह्याच दुकानातून घेतलेली. नाव परमेश्वरभाऊंच्या वडिलांनी स्वतः घातलेलं. सुलाबाई म्हणल्या, "परभणी जवळ पडती मला, पण म्हणलं जिथून घेतली तिथंच मोडावी. तुज्या बापाचा हात हाय तिच्यावर. तूच ठेव." नवं भांडं घेतलं नाही, रोख नेली.

बापाचा हात म्हणल्यावर परमेश्वरभाऊंना ती घागर वितळवायला पाठवणं जमेना. फळीवर ठेवली. येता-जाता बघायचे. पुढं आषाढात, धंदा थंड असताना, त्यांनी तिच्यावर लिहिलं. नावाचा मोठा फोटो टाकला, 'बन्सीधर, वालूर यांजकडून भगिनी चि. सौ. कां. सुलाबाई हिस सप्रेम.' खाली वडिलांबद्दल लिहिलं, त्यांची छिन्नी कशी चालायची, 'सप्रेम'मधला एक ठिपका कसा घसरला अन् तो त्यांनी फुलासारखा करून कसा लपवला. अन् शेवटी लिहिलं, 'भांडी मोडीत निघाली तरी चालेल, नाती मोडीत निघू नयेत.'

हे वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं. ज्याच्या-त्याच्या स्टेटसला तेच. गुड मॉर्निंगच्या फुलावर लिहून तेच. भाऊंच्या मनात सुलाबाईंबद्दल वाईट काही नव्हतं हो! त्यांना बाप आठवला होता, म्हणून लिहिलं. पण वाचणाराला काय दिसलं? बहिणीनं भावाची घागर विकली अन् वर दुकानदारानं तिला चार शब्द सुनावले.

वालूरला भर पारावर कुणीतरी मोबाईल बन्सीधररावांपुढं धरला. "मालक, तुमची घागर मोडीत निघाली की!" सगळे हसले. त्यांच्या घरातल्या कुणा पोरानं पानावर लिहिलं, 'ही आमच्या आजोबांनी दिलेली घागर. विकल्याचं आज कळलं. धन्यवाद.' ते धन्यवाद वाचून परमेश्वरभाऊंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तिथल्या तिथं घागरीवरचं सगळं लिहिलेलं पुसून टाकलं, पण पुसून काय उपयोग? गावोगावच्या ग्रुपवर कवाच फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते वालूरला गेले. बन्सीधररावांनी बसायला सतरंजी टाकली, चहा दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं भाऊ मला नंतर म्हणले. म्हातारा एवढंच बोलला, "तुमची काय चूक? खरं तेच लिवलंत. माजी घागर तिला जड झाली. आता मीबी तिला जड नको." भाऊंनी हात जोडले, काकुळतीला आले. म्हातारा उठून शेताकडं गेला.

इकडं माझ्या दुकानात बायकांचं बोलणं सुरू. "त्या भांड्यावाल्याकडं मोड नगं नेऊ गं बाई, फोटो टाकतंय ते." झाकली मूठ सव्वा लाखाची. घराघरात कुणी ना कुणी काहीतरी गुपचूप विकलेलं असतं. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या पोराची फी असते, सासूला न सांगता सून विकते अन् सुनेला न सांगता सासू. ते सगळं जगाला वाचून दाखवणारं दुकान कुणाला पाहिजे? बाया दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला भांडी द्यायला लागल्या. त्याला वाचता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. अन् मोड नाही तर नवीन भांडंही नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक भाऊंच्या दुकानासमोरून मान खाली घालून जायला लागलं.

मोबाईलवर मात्र गर्दी वाढतच होती. 'दादा, नवीन गोष्ट कधी?' 'दादा, थांबू नका, तुमी आमच्या घरचे झालात.' पुण्याची एक बाई विचारत होती, ती घागर विकणार का, हॉलमधे कोपऱ्यात ठेवायला पाहिजे. मी म्हणलं, "ह्या तुमच्या घरच्यांपैकी एकानं तरी कधी चमचा घेतलाय का?" श्रावण लागता लागता त्यांनी दुकान एका मोबाईलवाल्याला द्यायचं कबूल केलं. दिवाळीनंतर ताबा. स्वतः कुठं जाणार, विचारलं तर म्हणले, "बघू." बघण्यासारखं काय होतं? काही नव्हतं.

पंचमी झाली अन् त्यानंतर एका दुपारी सुलाबाई आल्या. परमेश्वरभाऊ उभेच राहिले. मला वाटलं आता शिव्या बसतात, म्हणून मीच पाणी घेऊन धावले. पण बाई शांत. स्टुलावर टेकल्या, पाणी प्याल्या.

"लय चांगलं लिवलंस रे लेकरा," म्हणल्या. "नातीनं वाचून दावलं. तुजा बाप डोळ्यापुढं उभा राहिला."

भाऊ म्हणले, "मावशी... पंचमीला..."

"न्हाई आला कुणी मूळ घेऊन, म्हायेराला न्यायला. दरसाल येतो. पिशवी भरून बसले होते ओसरीवर. सून म्हणली, आत्याबाई, आता काय येत न्हाईत, जेवून घ्या."

मला राहवेना. मी विचारलं, "पण मावशी, घागर विकली तरी कशापायी?"

बाईंनी पदराचं टोक चोळलं. मग म्हणल्या, "बन्सीधरच्या नातवाचं लगीन न्हवतं का उन्हाळ्यात? थोरल्या घरचं लगीन, म्या आत्याआजी. हात हालवत कशी जाऊ? नवरीला साडी, भावाला धोतरजोडी, फेटा. लेकाला मागितलं तर म्हणला, कशाला जायलीस, गप घरी बस. मग काय करू? घागर होती, मोडली. लय मान झाला माजा लग्नात. बन्सीधरनं तोच फेटा बांधला होता."

परमेश्वरभाऊ ताडकन उठले. चपला पायात घालायला लागले. "मावशी, मी आत्ता वालूरला जातो. हे त्यांना कळलं पाहिजे. एवढं कळलं की ते पळत येतील तुमच्याकडं!" इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा जीव बघितला.

सुलाबाईंनी त्यांचा हात धरला. "न्हाई. माजी आण हाय तुला. बन्सीधर तापट हाय. लेकानं आईला फेट्यापुरते पैसे दिले न्हाईत, हे कळलं तर झरीला येऊन भर गावात इज्जत काढील त्याची. मग लेक मला दारात उभी करील का? भाऊ तर गेलाच. ऱ्हायचं मला लेकाच्याच दारात हाय."

"पण मावशी..."

"तू लिवणारा माणूस. लिवू नको. बोलूबी नको. एवढं कर माज्यासाठी."

मला असा संताप आला! त्या लेकाचा, त्या म्हाताऱ्याचा, त्या पांढऱ्या बुटातल्या पोराचा, अन् खरं सांगायचं तर परमेश्वरभाऊंचाही. पण बोलणार कुणाला? भाऊंनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. मग त्यांनी फळीवरची घागर काढली अन् बाईंपुढं ठेवली. "घेऊन जा. पैसे नकोत मला."

"कुठं नेऊ? बसमधून घागर घेऊन उतरले तर झरी इचारंल. अन् नेली तरी ती बघून मला रोज काय आठवायचं?" त्यांनी घागरीच्या गळ्यावरून बोटं फिरवली. "ह्याच्यावरलं नाव पुसता येतंय का रे?"

"येतं."

"मग भावाचं ऱ्हाऊ दे. त्यानं मनानं दिली होती. माजं तेवढं पूस."

भाऊंनी कानस घेतली. मी म्हणलं, "कशाला भाऊ, नका!" त्यांनी ऐकलं नाही. बापानं घातलेला एकेक ठिपका घासत गेले. पितळेचा बारीक चुरा मांडीवर पडत होता. सुलाबाई चष्मा लावून बघत होत्या. नाव गेल्यावर भाऊ थांबले.

बाईंना वाचता येत नव्हतं. राहिलेल्या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय हाय?"

"भगिनी," भाऊ म्हणले. "म्हणजे बहीण."

"तेबी काढ," सुलाबाई म्हणल्या.