चारपैकी तीन खोल्या

तुमच्या घरात खोल्या किती? पाहुण्याला दाखवता तेवढ्याच नाही, सगळ्या मोजा. आणि मोजून झाल्यावर हेही सांगा, की त्यातल्या किती खोल्यांत दारात आलेल्या कोणाही माणसाला पाऊल टाकता येतं?

या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग माझा नाही. तो पंपमामांचा आहे. हिवतापाच्या फवारणीची टोळी आमच्या गावात यायची, तेव्हा ते दारात पंप टेकवायचे आणि रामराम नाही, पाणी द्या नाही, एकदम विचारायचे, "खोल्या किती?" बाई चुलीपासून उठून येईपर्यंत तोच प्रश्न पुन्हा. एकदा आमच्या शेजारच्या काकू चिडून म्हणाल्या, "पोरगी बघायला आलाय का काय? खोल्या कशाला मोजताय?" मामा शांतपणे म्हणाले, "पोरगी बघायला आलेला पडवीत बसतो, काकू. मला आत जायचं असतंय."

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. शिरूरजवळचं आमचं गाव घोडनदीच्या काठावर. दोन वर्षं कोरड्या पडलेल्या डबक्यांत आता पाणी होतं, आणि पाण्यामागून डास आले होते. मामा दौंडकडचे. एरवी रेल्वेच्या यार्डात कोळसा उतरवायचे आणि पावसाळ्यात सिझनपुरते फवारणीवर लागायचे. उंच, वाकलेला माणूस. खाकी शर्टाच्या बाह्या औषधानं पांढऱ्या पडलेल्या. बादलीत उभा केलेला पंप त्यांचा जोडीदार दाबायचा आणि लांब रबरी नळीच्या टोकाची पितळी कांडी मामांच्या हातात असायची. दोघंही एकाच बौद्धवाड्यातले. हे गावाला पहिल्याच दिवशी कळलं. कसं कळतं ते मला विचारू नका. आमच्या गावाला पाऊस कधी येणार ते कळत नाही, पण हे कळतं.

मामांचा हात भिंतीवर फार सावकाश फिरायचा. वरून खाली, खालून वर, पट्ट्याला पट्टा जोडून, छपराच्या वाशांपर्यंत. टोळीवरचे साहेब खेकसायचे, "अरे, भिंत रंगवतोयस का? पुढं चल." मामा पुढे जात नसत. मी एकदा विचारलं, "एवढं सावकाश कशाला, मामा?" तर म्हणाले, "दादा, डास माणसाला चावतो, पोट भरलं का जड हुतो, आन् जवळच्या भिंतीला टेकतो. जेवून टेकला का तिथंच त्याला गाठायचा. मी बोटभर जागा सोडली, तर तो नेमका तिथंच टेकंल." बोटभर जागा! तो माणूस बोटभर जागेसाठी साहेबाच्या शिव्या खात होता.

घरातल्या किड्यामुंगीची त्यांना सगळी माहिती. बायका तक्रार करायच्या की या औषधानं ढेकूण मरत नाहीत, उलट पिसाळतात. दुसरा कोणी असता तर हात झटकले असते. मामा म्हणायचे, "खरं हाय, माय. ढेकणाला ह्या औषधाची सवय झालीया. त्याचं काम माझ्याकडं न्हाई, पण इलाज सांगतो." मग पंप बाजूला ठेवून ते स्वतः बाज उन्हात उभी करत, सांध्यासांध्यांत कढत पाणी ओतायला लावत आणि म्हणत, "आठ दिवसांनी पुन्हा. त्याची अंडी ऱ्हात्यात मागं." रांजण आठवड्याला रिकामा करून घासा, उंदराचं बीळ नुसत्या मातीनं न बुजवता काचा घालून बुजवा, कणगी भिंतीला टेकवू नका. प्रत्येक दारात हे सगळं ते तितक्याच नव्या उत्साहानं सांगायचे. आणि निघताना शेवटचं वाक्य ठरलेलं: "फवारलेली भिंत पुसायची न्हाई, सारवायची न्हाई. सणाला मी आडवत न्हाई, पण दोन महिनं भिंत माझी."

पण काही घरांत त्यांना आतली भिंत मिळायचीच नाही. आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर, तिथंच देव्हारा, तिथंच धान्य. बाया तोंडावर काही वाईट बोलत नसत. चुलीवर दूध आहे म्हणत. पीठ उघडं आहे म्हणत. आत बाळंतीण आहे म्हणत. मामांनी ही सगळी कारणं पाठ केली होती. एकदा आमच्या पारावर भाकरी सोडताना ते जोडीदाराला म्हणाले, "ह्या गावात दूध लई तापतंय बघ. चुलीचुलीवर दूध. आन् सकाळधरनं आपल्याला चहा कुठंच न्हाई!" जोडीदार हसला. मीही हसलो. आता तो विनोद आठवला की मला माझंच हसू ऐकू येतं.

फवारून झालं की दाराच्या चौकटीशेजारी ते गेरूनं आकडे लिहायचे. घरात खोल्या किती आणि फवारल्या किती. सगळ्या झाल्या असल्या तर चाराला चार. एक राहिली असली तर चाराला तीन. साहेब सांगत, "पुरे लिही की. कोण बघतंय?" मामा ऐकत नसत. "भिंतीला सारं ठावं हाय, साहेब. तिच्यावरच खोटं कसं लिवू?" त्यांच्या हस्ताक्षरातले ते तांबडे आकडे गावभर होते. आमच्या आळीत बहुतेक दारांवर एक आकडा कमी होता.

आता माझ्या घराविषयी. माझी वाढ पत्रकांवर झाली. तात्या, म्हणजे माझे वडील, पत्रकं छापून आणायचे आणि मी ती शिरूरच्या बाजारात वाटायचो. एक गाव, एक पाणवठा. जात मोडा, माणूस जोडा. अक्षरओळख व्हायच्या आधी मला छापखान्याच्या शाईचा वास ओळखीचा होता. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो, आणि लोक म्हणायचे की पोराच्या लेखणीत आग आहे.

त्या आषाढात मामा आमच्या दारात आले तेव्हा तात्या सकाळीच शिरूरला गेले होते. संध्याकाळी तिथं सभा होती आणि माझं भाषण होतं. विषय समतेचा. अंगात धुतलेला, इस्त्री केलेला पांढरा शर्ट होता आणि खिशात पत्रकांचा गठ्ठा. एस.टी. यायला थोडाच वेळ होता.

"खोल्या किती?" मामांनी विचारलं.

"चार," आई म्हणाली. "पण आतलं राहू द्या, भाऊ. देव आहेत. दूध ठेवलंय."

आई त्यांना भाऊ म्हणत असे, अहोजाहो करत असे. आमच्या घरात कोणी कोणाला टाकून बोलत नसे. आमचं घर सुधारलेलं होतं.

मामांनी बाहेरच्या तीन खोल्या केल्या. मग आतल्या दाराशी थांबले. उंबऱ्यापलीकडे माझी धाकटी बहीण नंदा, सहा वर्षांची, बाहुलीला पाटावर जेवायला वाढत बसली होती. ती आणि आई तिथंच चुलीजवळ निजायच्या. मामांनी कोपऱ्यातली अंथरुणं पाहिली. आणि आईशी न बोलता माझ्याकडे वळले.

"दादा, तुम्ही सांगा की. पोरगी आत निजती. आतलीच खोली पहिली करायला पायजे."

मी आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती.

"बरं, मी उंबऱ्याच्या बाहेर ऱ्हातो," मामा म्हणाले. त्यांनी पितळी कांडी माझ्यापुढे धरली. "नळी पोचती आतपत्तर. कांडी तुम्ही धरा. मी सांगतो तसा हात फिरवा. दहा मिंटाचं काम हाय."

कांडीच्या टोकाला एक पांढरा थेंब लोंबत होता. मी माझ्या शर्टाकडे पाहिलं. एस.टी. चुकली असती. अंगाला वास राहिला असता. आणि आईशी वाद घालावा लागला असता, तोही मामांच्या देखत. मी म्हणालो, "मामा, पुढच्या फेरीला बघू."

त्यांनी कांडी मागे घेतली. चौकटीशेजारी वाकून त्यांनी लिहिलं, चाराला तीन. मी त्या आकड्याशेजारून बाहेर पडलो, एस.टी. पकडली आणि शिरूरला समतेवर बोललो. टाळ्या पडल्या.

भाद्रपदात गावात ताप आला. नंदाला आधी थंडी वाजली, मग ताप चढला. दोन दिवस उतरल्यासारखा वाटला आणि पुन्हा चढला तो डोक्यात गेला. झटके यायला लागले. आम्ही तिला बैलगाडीतून शिरूरला नेत होतो. पुलाच्या अलीकडेच आईनं गाडी थांबवायला सांगितली.

डास कोणत्या भिंतीवर टेकला होता हे कोणीच सांगू शकत नाही. मला लोक हेच सांगतात. तो शाळेतला असेल, शेजारचा असेल, नदीवरचा असेल. असेल. मी कोणाशी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की एक भिंत मी सोडली होती, आणि ती बोटभर नव्हती.

नवरात्राच्या आधी टोळी पुन्हा आली. त्या वर्षी आमच्याकडे घट बसणार नव्हते. मामा दारात उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न विचारला नाही. गावात त्यांना कळलं असावं. आईच पुढे झाली.

"चार आहेत, भाऊ. चारी करा. आतली आधी करा."

मामांनी वहाणा काढल्या आणि आत गेले. मी मागोमाग गेलो. कोनाड्यात नंदाची चिंध्यांची बाहुली होती. आईनं ती हलवली नव्हती. मामांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि औषध उडू नये म्हणून बाहुलीवर पांघरला, पोराला निजवताना पांघरतात तसा. मग भिंत फवारली. इतक्या सावकाश मी त्यांना कधीच फवारताना पाहिलं नव्हतं. पंप दाबणाऱ्या जोडीदाराला घाम फुटला, पण त्यानंही हात थांबवला नाही.

बाहेर येऊन त्यांनी जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला. चाराला चार. मी म्हणालो, "मामा, ते वरचं तेवढं पुसून टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"दादा, ह्या भिंतीवर आत्ता औषध मारलंय. फवारलेली भिंत पुसत न्हाईत."

त्यानंतर आईनं घर पुष्कळदा सारवलं, पण चौकटीशेजारची ती हातभर जागा कधीच नाही. गेरू फिका पडला, पण आकडा वाचता येतो. मी घरी जातो तेव्हा मान खाली घालून आत शिरतो. तरी दाराशी आलो की आवाज येतो, "खोल्या किती?" आणि औषधाचा वास येतो, भर उन्हाळ्यात, जेव्हा फवारणी नसते तेव्हाही.

पुढच्या वर्षीच्या टोळीत मामा नव्हते. नवा माणूस घाईत होता. त्यानं आतल्या खोल्या पाहिल्याच नाहीत आणि सगळ्या आळीवर पुरे आकडे लिहून गेला. आळी खूश झाली. मी न्हावऱ्यावरून जाणारी एस.टी. धरून दौंडला गेलो आणि विचारत विचारत रेल्वेरुळांपलीकडची त्यांची वस्ती शोधली.

मामी दारात जोंधळे पाखडत होत्या. मी गावाचं नाव सांगितलं.

"ते गेलं की," त्या म्हणाल्या. "माघात. छातीत पाणी झालं म्हणलं डाक्टर." आणि मी बाहेरच उभा आहे हे पाहून, "आवं, भाईर का? या, आत या. आतच या."

मी आत गेलो. आत म्हणजे घरभर, कारण घर एका खोलीचंच होतं. एक बाज, चूल, बुद्धाची तसबीर. भिंतींवर पांढरे पट्टे, पट्ट्याला पट्टा जोडलेला. दाराशेजारी गेरूनं लिहिलं होतं, एकाला एक.

मामींनी चहा ठेवला. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "ती लहान पोरगी गेली ते घर तुमचं का?"

मी मान हलवली.

"लई मनाला लावून घेतलं व्हतं त्यांनी. खोकताना बी तेच. म्हणायचे, मी पोराच्या हातात कांडी दिली, आन् त्यानं न्हाई म्हणल्यावर गप बसलो. आजून एकदा म्हणायला पायजे व्हतं. जोर करायला पायजे व्हता."

माझा गुन्हा तो माणूस मरेपर्यंत उरावर घेऊन खोकत होता. मी त्या बाईंना म्हणायला हवं होतं की मामी, तो गुन्हा मामांचा नव्हता, माझा होता. मी चहा प्यालो. ते वाक्य मी आज इथं म्हणतो आहे, आणि ऐकायला मामा नाहीत.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडे एक मागणं आहे. या पावसाळ्यात पंपवाला तुमच्या दारात येईल. तो घाईत असला आणि त्यानं विचारलं नाही, तरी खोल्यांचा खरा आकडा तुम्हीच सांगा. आतली खोली आधी दाखवा. घरातलं कोणी अडवत असेल तर पंपवाल्याच्या देखत त्याच्याशी भांडा, एस.टी. चुकू द्या. मग पंपवाल्याला बसायला सांगा आणि चुलीवरच्या त्या दुधाचा चहा करून पाजा. आणि त्याचा अर्धा कप संपेपर्यंत तुमच्या चौकटीशेजारचा जुना आकडा घरातल्या लहान पोराला मोठ्यानं वाचायला लावा.