किसनदादाची सकाळ

किसनदादा गेला तो नेमका केव्हा, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. भर दुपारी बाजेवर पडलेला, सगळ्यांना वाटलं झोपला असेल. त्याच्या झोपेला काळवेळ राहिली नव्हती, म्हणून संध्याकाळपर्यंत कुणी हाकही मारली नाही. गोंदियाला माझ्याकडे निरोप आला, त्याला आता सव्वा महिना होईल...

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. लहानपणी देवी आल्या आणि त्याची दोन्ही डोळ्यांची नजर गेली. तोंडासमोर कंदील धरला तरी त्याला कळत नसे. पण अर्जुनीच्या आमच्या घरात सगळ्यांत आधी उठायचा तोच. फटफटलं की बाजेवर उठून बसे, आभाळ भरून आलेलं असलं तरी. धानाच्या रोवणीच्या दिवसांत काठी टेकत गावभर फिरून बायांना तोच उठवी. आंधळा डोळसांना जागं करतो म्हणून लोक हसत, आणि दादाला त्याचा केवढा अभिमान होता!

चाळिशीत ते मेलेले डोळे ठणकू लागले. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर थोरल्या भावाला म्हणाले, डोळे निकामीच आहेत, काढून टाकले की दुखणं थांबेल. भावाने मला बाजूला घेतलं. "त्याले सांगू नोको. सांगतलं तं तो उठून जाईन. तुह्यावर भरवसा आहे त्याचा." तेवढ्यासाठीच मला सोबत आणलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दादाने विचारलं, "गोदे, काय करनार हायेत?" मी म्हणाले, "डोरे धुनार हायेत, दादा."

चौथ्या दिवशी पट्टी बदलणारा माणूस सहज बोलून गेला, "आँखें तो निकाल दीं बाबा, अब काहे का दर्द?" दादाने माझ्या दिशेला तोंड वळवलं.

ठणका गेला, हे खरं. पण दोन-तीन महिन्यांत त्याची झोप भरकटली. रोज थोडी पुढे सरके. काही दिवस दिवसाढवळ्या घोरे आणि सगळे झोपले की याला भूक लागे. मग आपोआप ताळ्यावर येई, पुन्हा बिघडे. एकदा रोवणीच्या बायांना त्याने मध्यरात्रीच उठवलं. दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ सगळ्यांदेखत ओरडला, "आता कोनाले उठवाचं काम नाही तुहं!" दादा उन्हात बसून राही आणि म्हणे, "ऊन लागते आंगाले, पन सकार होत नाही." डॉक्टरांना मी पत्र घातलं. उत्तर आलं, ज्या डोळ्यांना दिसतच नव्हतं त्यांच्या जाण्याने झोप कशी बिघडेल? दादाचं म्हणणं मात्र एकच होतं, "मले दिसत नव्हतं, पन त्या डोऱ्याइले सकार कळत होती." घरात त्याला आळशी ठरवलं गेलं. मीसुद्धा त्याची बाजू घेतली नाही.

गेल्या दिवाळीत मी शेवटी बोलले. म्हटलं, "दादा, चुकलं माझं."

"दुखनं लय होतं," तो म्हणाला. "इचारलं असतं तं मी हो म्हनलो असतो. काऊन नाही इचारलं, गोदे?"



तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, अंगण झाडत होत्या. दादाच्या बाजेची जागा आली तशा थांबल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "सकार झाली, भाऊजी." मग भानावर येऊन पदर तोंडाला लावला. नागपूरहून आल्यापासून इतकी वर्षं त्याला दिवस उगवल्याचं त्याच सांगत. डोळे काढणार हे त्यांनाही कुणी कळवलं नव्हतं. मी माहेरी असले की कधी आधी उठून मीच सांगायची, दादा, सकाळ झाली. तो मान हलवायचा, आणि वहिनींची हाक येईपर्यंत तसाच पडून राहायचा.