पिठाच्या डब्यातला कागद

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की कमरेचा पट्टा बांधताना हात थांबतो.

तेव्हा मी पैठण रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळीच खबऱ्याचा फोन आला. चितेगावात एका मावशीच्या खोलीत कोणी परदेशी राहतो, खिडकी कायम बंद, गाडीचा आवाज आला की आतून कडी. भाडेकरूची माहिती ठाण्यात दिलेली नव्हती. चोराच्या मनात चांदणं, असं मी म्हटलं. लपणारा माणूस दिसला की पोलिसाला दुसरं काही सुचत नाही.

दुपारी तो माझ्यासमोर होता. पंचविशीतला, येमेनचा, शहरात शिकायला आलेला. व्हिसा संपून वर्ष उलटलेलं. दोन तास चौकशी केली. नाव सांगितलं, त्यावरून परदेशी नागरिकांच्या नोंदीत एवढं सापडलं; पुढं तोंड उघडेना. कागद विचारले की दाराकडं बघायचा. मी आवाज चढवला, हे कबूल करतो. शेवटी हवालदाराला त्याची झडती घ्यायला सांगितलं.

कोठडीत टाकण्याआधी पट्टा आणि बुटाच्या नाड्या काढून घ्यायच्या, हा आमचा रोजचा नियम. आत कोणी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून. हवालदार सवयीनं म्हणाला, "बेल्ट निकाल."

तरुण पांढराफटक पडला. आपणहून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, हात डोक्यावर.

"साहब, एक बार माँ से बात करने दो," तो म्हणाला. "फिर मार देना."

मला घाबरणारी माणसं नोकरीत खूप पाहिली होती. त्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटली.

तेवढ्यात ती मावशी आली, हातात ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन. माहिती लपवल्याबद्दल तिच्यावरही गुन्हा होऊ शकतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं पिठात हात घालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. आश्रयासाठी दिल्लीच्या निर्वासित कार्यालयात केलेल्या अर्जाची ती पोच होती. तो कागद त्यानं आम्हाला का दाखवला नाही, तेही तिनंच सांगितलं. त्याच्या गावात हत्यारबंद माणसांनी भावाचे कागद बघितले, पट्टा काढायला लावला आणि त्याला भिंतीशी उभं केलं. यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"लेकरू लई भेतंय, साहेब," मावशी म्हणाली. "कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जातंय. त्याला तिकडं धाडू नका. माझं काय करायचं ते करा."

मी पट्टा परत दिला. दिल्लीहून अर्जाची खातरजमा झाली, वरिष्ठांशी बोललो, आणि निर्णय होईपर्यंत दर सोमवारी हजेरी द्यायच्या अटीवर त्याला राहू दिलं. मावशीला समज देऊन सोडलं.

कायदा मोडला होता, हे खरं. पण लपणारा प्रत्येक जण चोर नसतो, काहींच्या पाठी मरण लागलेलं असतं. आश्रयाला आलेल्याला आधी पाणी विचारावं, मग कागद. एवढं कळायला मला निम्मी नोकरी लागली, याची लाज वाटते.

त्यानं एकही सोमवार चुकवला नाही. पण माझी बदली होईपर्यंत, ठाण्याची पायरी चढली की त्याचा हात कमरेकडं जायचा. मी "राहू दे" म्हणायचो. तो मान हलवायचा, आणि पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवायचा.