सरांना ‘नॅचरल’ पाहिजे होतं

“तू घे. तुझ्या हातात नॅचरल वाटंल,” सर म्हणाले आणि केरसुणी माझ्यापुढं धरली.

कोल्हापुरात स्टँडच्या मागं हा स्पोकन इंग्लिशचा क्लास. सरांची पद्धत अशी : दर आठवड्याला एक साधं क्रियापद घ्यायचं, त्याचे सगळे अर्थ पोरांकडून अॅक्शनसकट करून घ्यायचे आणि व्हिडिओ क्लासच्या पेजवर टाकायचा. त्या आठवड्याला ‘क्लीन’ होतं. दात घासणं क्लीन, चष्मा पुसणं क्लीन, मासा साफ करणं क्लीन, जखम धुणंही क्लीन. मग त्याची भावंडं. स्वीप, मॉप, स्क्रब, वाइप.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मोठ्या दवाखान्यांत मुलाखत इंग्रजीत घेतात, म्हणून इथं आले. मी हात वर केला होता. “सर, जखमेचं वाक्य मला द्या की. मी नर्सिंगला हाय.”

जखम एका बागायतदाराच्या मुलीला मिळाली. ती कॉमर्सला आहे. चष्मा इंजिनिअरिंगच्या पोराला. झाडणं, पुसणं, घासणं, सगळं माझ्या वाट्याला.

सरांना माझ्याबद्दल काय माहीत होतं? अॅडमिशनच्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. आडनाव काय. गाव कुठलं. बिद्रीच्या अलीकडचं, म्हटलं. मग, “गावात कुठं?” मी म्हणाले, “समाजमंदिराजवळ.” सर “हां हां” म्हणाले आणि पेन खाली ठेवलं. मला मार्क किती पडले, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

मी झाडलं. खोटं कशाला बोलू? सगळे बघत होते, मोबाईल सुरू होता, पाय जागचे हलेनात, हात मात्र हलले. “आय स्वीप द फ्लोअर.” मागं कुणीतरी खुदकन हसलं. सर म्हणाले, “अजून वाक. हां, परफेक्ट.” मी अजून वाकले. त्या वाकण्याची किळस अजून गेलेली नाही.

व्हिडिओ जोरात चालला. खाली लोकांनी लिहिलं, एकदम ओरिजिनल. हसणाऱ्या तोंडांची रांगच लावली. पप्पा साखर कारखान्यात कामाला आहेत, त्यांना तो तिथं कुणीतरी मुद्दाम दाखवला. त्या संध्याकाळी पप्पांनी ताट पुढं ओढलंच नाही.

आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा गावकीची कामं सोडली. चावडी झाडायचं सोडलं, मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. गावानं गिरणीत आमचं दळण घेणं बंद केलं. आजी जोंधळे शिजवून पोरांना घालायची. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते, जुन्या काळची गोष्ट म्हणून.

पप्पा म्हणाले, “तुझ्या आज्ज्यानं चावडीत टाकलेली केरसुणी हाय ती. तुझ्या हातात कुणी दिली?”

ज्या हातांनी मी वॉर्डात ड्रेसिंग करते, त्या हातांकडं नुसती बघत बसले.

दुसऱ्या दिवशी क्लासात गेले तर सर खुशीत. हातात नवाकोरा मॉप. “पार्ट टू करूया. लोकांना तू आवडलीस.”

“न्हाय करणार.”

“का गं?”

“व्हिडिओ काढून टाका. आत्ता. माझ्यासमोर.”

सर हसले. “अगं, अॅक्टिंग हाय ती. आपलं कोल्हापूर पुरोगामी. इथं जात कुठं हाय?”

“मग मॉप तुम्ही घ्या, सर. व्हिडिओ मी काढते.”

बागायतदाराची मुलगी खाली बघत होती. सरांचं हसू कुठल्या कुठं गेलं. “असला अॅटिट्यूड असंल तर क्लास सोड.”

“क्लास सोडणार न्हाय. व्हिडिओ तेवढा काढा. न्हायतर मी इथनं सरळ पोलिस स्टेशनला जाते.”

सरांनी मोबाईल काढला, माझ्यासमोर व्हिडिओ डिलीट केला आणि “गंमत पण कळत न्हाय लोकांना” असं पुटपुटले. ‘लोकांना’ म्हणजे कोणाला, ते मला कळलं. घाण कुठं साठलीय तेही कळलं. केरसुणीनं निघणारी नाही ती.

मी क्लास सोडला नाही. पहिल्या बाकावर बसते. जखमेचं वाक्य मी स्वतःच उभी राहून म्हटलं, कुणी द्यायची वाट बघितली नाही.

परवा गगनबावड्याकडची एक मुलगी अॅडमिशनला आली. सरांनी आडनाव विचारलं. गाव विचारलं. मग पेन हातात धरून, “गावात कुठं?”

तिनं तोंड उघडायच्या आत मी उठले.

“ते इंग्रजीला लागत न्हाय, सर.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. बसले नाही. तो प्रश्न पुन्हा या खोलीत आला, तर मी पुन्हा उठणार आहे.