हमरापूरचे निळे गणपती

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर चहा संपवा आणि उठा!

माझी ताई हमरापूरला दिलीय. तिच्या सासरी गणपतींचा कारखाना. कोलाडचा एक दुकानदार दरवर्षी त्यांच्याकडून मूर्ती उचलतो आणि त्याच्या ऑर्डरवरच यांचा सीझन उभा असतो. यंदा तो म्हणाला, "आधी फोटो पाठवा, मग बघू." आता सख्खा भाऊ फोटोग्राफर असताना ताई दुसऱ्या कोणाला कशाला बोलावेल? नवा कॅमेरा घेतल्यापासून अख्ख्या रोह्यात माझ्याएवढा जाणकार नाही, असं माझं नम्र मत होतं.

फोटो काढले, वरसेला घरी आलो, लॅपटॉप उघडला. बघतो तर काय? सगळं पिवळं! भिंत पिवळी, गणपती पिवळा, कडेला उभी ताई तर कावीळ झाल्यासारखी!

मी सोडतोय होय? फोटोवर चढलेला असा नको तो रंग उतरवायची विद्या मी व्हिडिओ बघून बघून आत्मसात केली होती. एक पट्टी असते. ती निळ्याकडे सरकवली की पिवळा उतरतो. सरकवली. अजून पिवळं? अजून सरकवली. शेवटी भिंत कशी चुन्यासारखी पांढरी दिसायला लागली.

बायको मागून डोकावली. "अहो, हे निळं काय करून ठेवलंत?"

"तुला रंगातलं काय कळतं?" मी नाकावरचा चष्मा वर सारत म्हणालो.

चष्माही नवाच बरं का! हायवेवर समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून पेणहून नंबर टाकून पिवळ्या काचांचा करून घेतलेला. एवढा झकास चष्मा काय फक्त गाडी चालवताना लावायचा? मी तो झोपतानाच काढायचो.

फोटो थेट कोलाडला धाडले. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन.

"दिन्या, काय करून ठेवलंस रं? कोलाडवाला म्हणतो, आमाला गणपती पायजेत, किसनदेव नाय! ऑर्डर दुसरीकडं देतो म्हणतो!"

"त्याचा मोबाइल खराब असेल."

"माज्या मोबाइलवर पण निळंच हाय!"

"मग तुझाही खराब."

"आनि तुज्या भावजींचा?"

एका घरातले सगळेच मोबाइल बिघडले, तर त्याला मी काय करणार? "ताई, घोळ तुमच्या रंगात आहे. अंगाला पिवळा फार मारलाय. पुन्हा रंगवा!" असं मी सांगितलं. जन्मभर मूर्ती रंगवणाऱ्या माणसांना! आणि पटवून द्यायला लॅपटॉप घेऊन हमरापूर गाठलं.

कारखान्यात मूर्तीशेजारी लॅपटॉप ठेवला. "बघा, फोटोत कसा खरा रंग आलाय, आणि तुमची मूर्ती किती पिवळी!"

काम थांबलं. रंगवणाऱ्या बाया ब्रश हातात धरून बघत राहिल्या. "गो बाय, देवानं विष प्यालंय वाटतं!" एक जण म्हणाली.

भावजींनी पडद्यावर बोट ठेवलं. "मेव्हणे, पितांबर पांढरा कंदी असतो?"

"भावजी, तुमची नजर पिवळ्याला सरावलीय," मी समजूत घातली.

ताई इतका वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. ती पुढे आली, माझा चष्मा ओढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉपकडे बघितलं.

"अगो बाय! आता बराबर दिसतंय!" असं म्हणून ती मटकन खाली बसली आणि पोट धरून हसत सुटली.

आणि मला चष्म्याविना, अंधुक का होईना, पडद्यावर निळाशार गणपती दिसला. माझ्या शहाणपणापायी बहिणीचा सीझन बुडत होता!

मूळ फोटो, जराही हात न लावता, तिथूनच कोलाडला पाठवले. ताईनं फोनवर सांगितलं, "शेट, बिघाड आमच्या भावात हाय, मूर्तीत नाय." शेटला ते लगेच पटलं. ऑर्डर मिळाली.

यंदा आमच्या घरचा गणपतीही ताईनंच पाठवला. सुरेख! अंगाचा रंग, पिवळा पितांबर, सगळं जिथल्या तिथे. फक्त पायाशी बसलेला उंदीर निळाशार.

मी लगेच फोन लावला. "ताई, उंदीर निळा का?"

"चष्मा लाव. बराबर दिसंल!"