नऊ पाण्यांनी धुतलेला कोळसा

"मावशी, हात दाखवा."

सर असं म्हणाले तेव्हा प्रयोगशाळेत पाच संशोधक विद्यार्थी होते. सोमवार, सकाळचे साडेदहा. मी दोन्ही हात पुढे केले.

"पालथे करा."

केले. शाळेत नखं तपासतात तसे. माझं वय अठ्ठेचाळीस. सर माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तरी मी त्यांची मावशी.

नखांच्या कडांना काळं होतं. असणारच. बारा वर्षं मी या संस्थेत कोळसा कुटते आहे.

सर विद्यार्थ्यांकडे वळले. "बघा. काँटॅमिनेशन इथून येतं." मग माझ्याकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "तुमचा दोष नाही हो. तुमच्याकडे घरात ही सवयच नसते."

तुमच्याकडे. नायगावच्या चाळीत जन्मले तेव्हापासून हा शब्द ऐकते आहे. त्यात काय काय भरलेलं असतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

मग हुकूम सुटला. मावशींनी धुतलेली सगळी काचेची भांडी परत धुवा. मुलं कामाला लागली. शनिवारी मी लखलखीत करून ठेवलेलं एकेक चंचुपात्र शेल्फवरून निघून माझ्यासमोर नळाखाली गेलं. मी भिंतीला टेकून उभी.

माझी आई गिरगावात चार घरची भांडी घासायची. एका घरी आईने घासून, धुऊन पालथी घातलेल्या भांड्यांवर घरातल्या बाई वरून तांब्याने पाणी ओतायच्या. मगच भांडी आत जायची. आई खाली बघत उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "गप. चल." मी आठ वर्षांची होते.

चाळीस वर्षांनी परळमध्ये तेच पाणी. आणि मी पण गप्प.

काम काय ते सांगते, म्हणजे आळ कसला ते कळेल. दादरच्या फुलबाजारातला कचरा आणायचा. झेंडू, जुने हार, करवंट्या. वाळवून, हवा न लागू देता भट्टीत भाजायचा. कोळसा होतो. तो कुटायचा, चाळायचा, धुवायचा. मग मँगनीज आणि सिरियमच्या क्षारांच्या पाण्यात भिजवून परत भाजायचा. धातू कोळशाच्या बारीक भोकांत बसतो. या भुकटीतून डिझेलचा धूर नेला आणि सोबत थोडा अमोनिया सोडला, की धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडतात. उरतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. माझ्या नवऱ्याचं दुकान लालबागला, जनरेटरच्या शेजारी. दम्याचा पंप कायम खिशात. हे काम नीट व्हावं असं मला का वाटतं, ते यात आलं.

आधीच्या शुक्रवारी कंपनीची माणसं बघायला आली होती. मीटरवरचा आकडा खाली यायला हवा होता. आला नाही. सहा महिने प्रत्येक खेपेला चाललेली भुकटी त्यांच्यासमोर मेली. कुणाचा तरी हात शोधायचा होता. माझा सापडला.

प्रयोगशाळेच्या वहीत मदतनीसाने लिहायचं नाही, असा तिथला नियम. पण मला यादीशिवाय काम करता येत नाही. म्हणून माझी वेगळी निळी वही. बाटलीचा नंबर, माल कुठला, कुणी कुटला, कुणी धुतला, किती पाण्यांनी. चाळ पाडायला घेतली तेव्हापासून आम्ही अँटॉप हिलला भाड्याच्या खोलीत आहोत. त्या संध्याकाळी तिथे ओट्यावर कणीक तशीच ठेवून मी वही उघडली.

सतरा नंबरपर्यंत: धुतला मी. नऊ पाणी.
अठरा ते बावीस: माल गणपतीनंतरचा, केळीचे खुंट जास्त. धुतला प्रणवने. तीन पाणी.

शुक्रवारी मेली ती भुकटी याच पाच बाटल्यांतली. प्रणव म्हणजे सरांचा लाडका विद्यार्थी. कंपनीची माणसं येणार म्हणून घाई होती, धुणं त्याने स्वतःकडे घेतलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, "अरे, अजून पाणी दे. राख आहे." तो हसला. "मावशी, प्रोटोकॉलमध्ये तीनच आहेत."

नऊ हा आकडा माझा नाही, आईचा आहे. ती राखेने घासायची. म्हणायची, "बोटाला बुळबुळीत लागतंय ना, मग राख गेली नाही. अजून पाणी घाल." कोळशातही राख असते. केळीच्या कोळशात फार. त्यातलं पोटॅशियम धातूवरची जागा अडवतं, अमोनियाला बसू देत नाही. हे कारण मला नंतर या मुलांच्याच बोलण्यातून कळलं. बोटाला आधी कळलं होतं.

म्हणजे सरांनी परत धुवायला लावली ती माझी स्वच्छ भांडी. धुवायला हवा होता तो कोळसा तसाच बाटलीत.

मंगळवारी सरांनी कागद पुढे सरकवला. टाइप केलेला. माझ्या निष्काळजीपणामुळे नमुने दूषित झाले, मला ते मान्य आहे. खाली माझं नाव, सहीला जागा.

"सही करा, विषय संपवू. तुमचं रिन्यूअल मी बघतो. उद्यापर्यंत द्या."

अकरा महिन्यांचा करार, महिनाअखेर संपणारा. बसमध्ये वहीत दोन रकाने आखले. सही केली तर: नोकरी राहील, आणि पुढे जे जे बिघडेल ते माझ्या नावावर. नाही केली तर: एक तारखेला घरी. भाडं. पंप. अँटॉप हिल येईपर्यंत लिहीत होते. दोन्ही रकाने भरले. एकातही सुटका लिहिता आली नाही.

बुधवारी वही सरांच्या टेबलावर उघडून ठेवली. त्यांनी पान न वाचता मिटली.

"मावशी, ही तुमची वही म्हणजे रेकॉर्ड नाही."

"मग बाटली बघा," मी म्हटलं. वीस नंबरचा, धातू न घातलेला कोळसा शिल्लक होता. चंचुपात्रात घातला, वर डिस्टिल्ड पाणी, ढवळला, निवळू दिला. पात्र त्यांच्यासमोर ठेवलं. "बोट घाला, सर."

सरांनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. बोट घातलं नाही.

प्रणव मागून आला. त्याने घातलं. अंगठा बोटावर फिरवला. त्याचा चेहरा उतरला. हात ॲप्रनला पुसून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. लाल लिटमसचा कागद मीच बुडवला. निळा झाला, म्हणजे पाण्यात राखेचा क्षार होताच.

"हा मुद्दाच नाही," सर म्हणाले. "पेपर अडकलाय. मुलाच्या करिअरचा प्रश्न आहे. तुम्ही समजून घ्या. सही करा."

म्हणजे त्यांना कळलं होतं. कळूनही कागद तिथेच होता.

मी पेन घेतलं. सहीच्या जागेच्या वर लिहिलं: "वरील मजकूर मला मान्य नाही. नमुना अठरा ते बावीस मी धुतलेले नाहीत." त्याखाली सही केली. तारीख घातली. वहीच्या पानांची झेरॉक्स जोडली, कार्यालयात संचालकांच्या नावाने दिली, आवक क्रमांक घेतला. खिडकीतला माणूस म्हणाला, "मावशी, कशाला डोक्याला ताप करून घेता?"

"शिक्का मारा," मी म्हटलं.

महिना संपायला अकरा दिवस आहेत. उत्तर आलेलं नाही. रिन्यूअल होईल असं वाटत नाही. नवऱ्याला तसं सांगितलं आहे. तो पंप ओढून दुकानात गेला.

मी रोज नऊला जाते. कालपासून प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावते. मोठ्या अक्षरात, पूर्ण नाव. धुणार कोण, किती पाणी. सरांनी दोन काढून टाकल्या. मी चार लावल्या.

आई खाली बघत उभी राहिली, कारण तिच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. माझ्याकडे आहे. यापुढे मी हात पालथे करणार नाही. ज्याला माझे हात तपासायचे असतील, त्याने आधी स्वतःचं बोट पाण्यात घालावं.