कुठे पुरलं ते सांगा

बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही. सून पडल्या पडल्या विचारत राहिली, "रडत का नाही?" शेवटी मीच सांगितलं, "ते गेलंय." कोणीतरी सांगायला हवं होतं.

दिवस पूर्ण भरलेला मुलगा. माझ्या धाकट्या दिराने टॉवेलात गुंडाळून नेला आणि पुरला. आमच्याकडे असं मूल जाळत नाहीत, त्याचं सुतक धरत नाहीत, नाव ठेवत नाहीत. कुठे पुरलं तेही आईला सांगत नाहीत. सांगितलं तर तिचा जीव तिथेच अडकतो म्हणे.

सुनेला दूध आलं. वाडीतला मोगरा तोडून मी तिच्या छातीला बांधला. दूध ओसरलं, पण जेवण तिने सोडलं ते सोडलंच. ताट ठेवायचं आणि तसंच उचलायचं. माझा मुलगा गोखिवऱ्याच्या कारखान्यातून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. आता हीपण जाते की काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नायगावच्या तिच्या बहिणीने तिला फोनवरच्या एका गटात घातलं. मूल गेलेल्या आईबापांचा गट. रविवारी दुपारी सगळे व्हिडिओवर भेटतात. परक्या बायकांपुढे रडून काय मिळणार, असं मला वाटलं. लक्ष ठेवायला मी वाल सोलत शेजारी बसले.

एक बाई सांगत होती, ती बाळाच्या जागेवर जाऊन दिवा लावून येते. तिने सुनेला विचारलं, "तुमचं बाळ कुठे आहे?"

"माहीत नाही," सून म्हणाली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली.

माझ्याने राहवेना. फोन ओढून म्हटलं, "माझंपण माहीत नाही. मुलगी होती. सासूने विचारू दिलं नाही. आता सांगणारे सगळे मेले."

मग एक जण हळूच म्हणाली, "आजी, तुमचं फक्त कपाळ दिसतंय."

सून फिसकन हसली. नाक गळत होतं तरी हसली. मी मांडीवरचं वालाचं सूप बाजूला सारलं आणि तशीच दिराकडे गेले. ते केळीची पानं कापत होते.

"भावजी, कुठे पुरलं ते सांगा."

"वहिनी, बायकांनी विचारायचं नसतं."

"पोटात वाढवायचं बायकांनी आणि विचारायचं नाही?"

"उद्या काय झालं तर कोन जबाबदार?"

"ती जेवत नाही. आणखी काय व्हायचं राहिलंय? दाखवा, नाहीतर कुदळ घेऊन सगळी वाडी उकरते. तुमच्या केळींसकट."

केळींवर त्यांचा फार जीव. त्यांनी कोयता टाकला. मी सुनेला हाक मारली.

विहिरीमागे, शेवग्याखाली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर मोठा दगड ठेवला होता. "घट्ट गुंडाळलेला, बाय," दीर सुनेला म्हणाले, "गारवा लागू नये म्हनून." मग म्हातारा हमसाहमशी रडला.

सून दगडावर हात ठेवून बसली. तिने मुलाला नाव ठेवलं, मोठ्याने. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. परत येताना म्हणाली, "आई, भूक लागली." सुक्या बोंबलाचं कालवण होतं. भात तिने मागून घेतला.

आता तो गट तीच चालवते. नव्या मुली येतात. एखादीची सासू मागून ओरडते, "बंद कर ते, विसरून जा!" की सून म्हणते, "थांबा, आमच्या आईंशी बोला," आणि फोन माझ्याकडे देते. आता माझं पूर्ण तोंड दिसतं. अजून एकही सासू माझ्यापुढे टिकलेली नाही.

माझी मुलगी कुठे आहे ते मला कळणार नाही. नातू शेवग्याखाली आहे. सून जगली. मीही.